चार नंबरची जागा

“आठ महिने झाले. चार नंबरात गाडी नाही, गाडीचं चाकसुद्धा नाही. दर रविवारी झाडू मारायचा आणि खुर्ची टाकून बसायचं. आणि आपली दुसरी गाडी बाहेर रस्त्यावर, कबुतरांच्या मर्जीवर.”

“अहो, हळू बोला.”

“हळू कशाला? लिफ्टमध्ये कोण ऐकतंय?”

पडदेवाल्या काकू ऐकत होत्या. त्यांच्या खांद्यावर करड्या कापडाचा तागा उभा होता, माणसाएवढा उंच, आणि त्यामागे त्या अशा झाकल्या गेल्या होत्या की पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं, कोणीतरी नुसताच तागा वर पाठवलाय.

“उद्या चार ते सहा पाहणी,” डॉक्टर म्हणाले. “गाडी दिसली नाही की जागा गेली. यादीत पुढचं नाव आपलंच आहे. सोसायटीच्या चिटणीस बाई आयुष्यभर गणित शिकवत आल्यात, त्यांच्याकडे अर्धा मार्कसुद्धा फुकट मिळत नाही.”

दोघं उतरली. दार बंद झालं. पाहणीचा कागद जिन्याखाली लागलेला त्यांनी पाहिला होता. पण त्यांच्या नजरेला पुढचा रविवार दिसला होता, आणि दिवसभर मशीनवर बसणाऱ्या माणसाला तारीख-वाराची अक्कल बेताचीच असते. उद्या म्हणजे उद्या.

आता ही चार नंबरची जागा म्हणजे काय, ते सांगायला हवं. इमारतीच्या तळाला दोन खांबांमधली, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली, गाडीएवढी फरशी. त्या फरशीवर दर रविवारी सकाळी काकूंचे यजमान, म्हणजे अख्ख्या इमारतीचे बसकाका, आधी झाडू मारत, मग फडका, आणि मग घडीची खुर्ची टाकून बसत. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. इमारतीतली आजची निम्मी तरणी पोरं त्यांच्या बसमधून शाळेत गेली होती, कोणी रडत, कोणी खिडकीतून डबा सांडत. एकतीस वर्षांत एका पोराला खरचटलं नाही. त्या खुर्चीभोवती चार जण जमत, कोणाच्या गाडीचा आवाज कसा येतोय ते बसकाका कान लावून सांगत, आणि रविवार सार्थकी लागे.

आठ महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःची जुनी गाडी विकली. इमारतीला सांगितलं, फार खर्च काढायला लागली होती. खरं म्हणजे एकाच महिन्यात ते तीनदा खांबाला घासले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून, कडेचं दिसणं जात चाललंय, गाडी बंद, असं सांगितलं तेव्हा आत त्यांच्यासोबत फक्त काकू होत्या. मग घरात त्या गोष्टीचं नाव ‘थेंब’ पडलं. “थेंब घातले का?” एवढंच. त्यापुढं अळीमिळी गुपचिळी.

आणि रिकाम्या जागेचं कारण कोणी विचारलंच, तर बसकाका खुर्चीत ताठ बसून म्हणत, “मिरीची गाडी यायचीय. बघतेय ती. रंगाचं ठरत नाहीये.”

मिरी म्हणजे लेक. सत्तावीस वर्षांची, चणीनं लहान, जिभेनं नावाप्रमाणे. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. ती कुठलीही गाडी बघत नव्हती, रंगाचा तर प्रश्नच नव्हता. तिला गाडी नको होती. हे काकूंना माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि बसकाकांना सांगायला दोघींचीही जीभ उचलत नव्हती. जागा गेली तर गाडी येणार नाही हे उघड होणार. गाडी येणार नाही म्हटलं की मग तुमची का विकली, हे विचारलं जाणार. दोन खांबांमधल्या त्या फरशीवर एका माणसाची मान ताठ उभी होती, एवढं काकूंना पक्कं कळत होतं. ती मान खाली जाऊ द्यायची नव्हती.

त्यांनी तागा दारातच टेकवला.

“मिरे, उद्या पाहणी आहे.”

“पुढच्या रविवारी ना?”

“उद्या.”

मिरी फोनमधून डोकं न काढता म्हणाली, “मग जाऊ दे की जागा.”

“तुझ्या वडलांना सांगशील?”

मिरीनं डोकं काढलं. बसकाका आतल्या खोलीत रेडिओला कान लावून बसले होते. ती हळूच म्हणाली, “नाही.”

“मग डोकं चालव. माझ्या मनात एक आहे. आपलं जुनं कव्हर आहे ना, मीच शिवलेलं? त्याच्या खाली इस्त्रीचं टेबल, दोन स्टुलं, आणि पुढे तुझी लहानपणची ट्रंक...”

मिरी हसत हसत जमिनीवर बसली. “आई, आणि चिटणीस बाईंनी हात लावला की गाडीचं दार म्हणून इस्त्री उघडायची?”

“मग तू सांग.”

“चौकातल्या थांब्यावरच्या हिरव्या गाड्या. तासावर मिळतात. फोनवर बुक करायची, फोननंच दार उघडायचं, काम झालं की परत थांब्यावर लावायची. मी नाही का नेत, नमुने आणायला तळ्यापर्यंत?” तिची बोटं भराभर चालायला लागली. “अगं बाई. रविवार ना. सगळ्या गेल्यात. एकच आहे, तीही तुकड्यात. सव्वाचार ते पाच.”

“घे.”

“पाऊण तासच आहे.”

“गाडी उभी दिसली पाहिजे. राहायला थोडीच जायचंय तिच्यात.”

मिरीनं फोनवर टिचकी मारली, आणि काकूंच्या अंगावर काटा आला. इतकं थरारक त्यांनी आयुष्यात फार काही केलेलं नव्हतं. एकदा एका बड्या घराचे पडदे उलट्या बाजूनं शिवले होते आणि ‘हीच फॅशन आहे’ म्हणून खपवले होते, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बसकाकांना काय सांगायचं, हे त्यांनी भाजी निवडताना ठरवलं होतं. “अहो, मिरी आज एक गाडी आणतेय. चालवून बघायला दिलीय.”

बसकाकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “कुठली?”

“हिरवी.”

“हिरवी ही गाडीची जात झाली का गं?” ते म्हणाले, पण उठलेच. कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला, बुटाला पॉलिश केलं. ते बघून काकूंना वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळं सांगून टाकावं. पण घड्याळात चार वाजत होते आणि मिरी चपला घालून दारात नाचत होती.

थांब्यावर सव्वाचार वाजले, चार वाजून सतरा मिनिटं झाली, वीस झाली. गाडीचा पत्ता नाही.

“आधीच्यानं वेळेत आणायला नको? लोकांना काही—” काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून हिरवी गाडी आली. चालवणाऱ्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले होते. तिसऱ्या मजल्यावरचा लांबू. शेजारी त्याची आई, पोस्टातल्या मावशी, मांडीवर पर्स घट्ट धरून.

गाडी थांबली. चौघं एकमेकांकडे बघत राहिली. मावशींची जागा सतरा नंबर. तीही वर्षभर रिकामी, लांबूची गाडी ‘येणार’ होती म्हणून.

“जरा फिरून आलो,” मावशी म्हणाल्या. “हवा चांगली आहे.”

“आम्हीपण निघालोय,” काकू म्हणाल्या. “हवेसाठीच.”

लांबू खाली उतरला. तो मिरीबरोबर बसकाकांच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा. “बाई वीस नंबरापासून खाली उतरतायत,” तो मिरीच्या कानात म्हणाला, पण लांबूचं कानात बोलणंही रस्त्यापलीकडे जायचं. “आमचं झालं. आत्ता चौदावर असतील. आणि ऐक, नंबर लिहून घेतायत हां.”

मिरी गाडीत बसली, आरसा खाली ओढला, सीट पुढे, आणखी पुढे, आणखी पुढे. गाडी सुटली तशी काकूंनी दाराची मूठ धरली.

“नंबर लिहून घेतायत म्हणजे गं?”

“म्हणजे हाच नंबर सतराच्या पुढे लिहिलाय.”

काकूंना घाम फुटला, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटली. “मग आता?”

“आता तू सांग. कालपासून मीच सांगतेय.”

“कव्हर,” काकू म्हणाल्या. “ते मोठ्या गाडीचं आहे, हिला जमिनीपर्यंत येईल. नंबरची पाटी झाकली जाईल. म्हणायचं, धूळ बसते.”

“आई, तू एवढी बेरकी आहेस हे मला कोणी सांगितलं नव्हतं.”

“मला तरी कुठं माहीत होतं.”

चिटणीस बाई खालच्या आकड्यांना येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून मिरीनं गाडी तळ्याच्या रस्त्याला घातली. खिडक्या खाली. मिरी गाडी चालवायची ती सुरी लोण्यातून जावी तशी, गिअर कधी बदलला कळायचं नाही. काकू एका बाजूनं तिच्याकडे बघत राहिल्या. हाताची ठेवण बापाची. वळणाआधी ओठ चावायची सवयही त्याचीच.

“एवढी छान चालवतेस,” त्या म्हणाल्या. “मग एक घ्यायला काय होतं?”

“चालवायला आवडतं गं. बाळगायला नाही आवडत. ती बाळगायची, तिला जागा शोधायची, तिची दुखणी काढायची, आणि दिवसातले तेवीस तास ती नुसती उभी. मला महिन्यातून चारदा लागते. चारदा मिळते. बाकी सायकल आहे, बस आहे.”

“लोक काय म्हणतील, एवढी शिकली आणि गाडी नाही.”

“कोण लोक? डॉक्टरांनी मुलासाठी घेतली ना? त्यानं अजून किल्ली हातात नाही घेतली. माझ्याच सायकलशेजारी सायकल लावतो तो.”

हे काकूंनाही माहीत होतं. पडदे शिवणाऱ्या बाईला घराघरातलं दिसतं. पडदा नंतर लागतो, आधी ती येते. डॉक्टरांकडे खिडकीची मापं घेताना ती किल्ली त्यांनी पाहिली होती, भिंतीवरच्या खिळ्याला, लाल फितीसकट.

“आणि बाबा,” मिरी म्हणाली, “एकतीस वर्षं बस चालवली त्यांनी. ती कधी त्यांची होती का? तरी कोणी विचारलं तर आम्ही काय सांगायचो? बाबांची बस.”

“हे त्यांना सांग,” काकू म्हणाल्या.

“तू सांग.”

“मी का? तुझे बाप आहेत.”

“तुझे यजमान आहेत.”

दोघी हसल्या, आणि पाच वाजायला अठरा मिनिटं असताना गाडी इमारतीच्या फाटकातून आत शिरली.

आत जत्रा भरलेली. चिटणीस बाई पेन कानावर लावून सहा नंबरापाशी. डॉक्टरीणबाईंसह दातांचे डॉक्टर त्यांच्या मागे दोन पावलांवर, हातात टेप घेऊन, म्हणजे चार नंबरात आपली गाडी बसते का ते आधीच बघायला. मावशी आणि लांबू जिन्यात. अध्यक्ष आपल्या दोन नंबरात शेजारी सून घेऊन उभे, आणि दोन नंबरातही गाडी नव्हती, हे काकूंना पहिल्यांदाच जाणवलं. अध्यक्षांची गाडी मुलानं परगावी नेली होती त्याला वर्ष झालं असेल.

आणि चार नंबरात, पॉलिश केलेल्या बुटांत, बसकाका.

खुर्ची त्यांनी स्वतःच घडी करून भिंतीला लावली होती. मिरीची गाडी दिसल्याबरोबर त्यांचा चेहरा असा उजळला की काकूंना खाली बघावं लागलं. मिरीनं गाडी वळवून पाठ लावली, आणि बसकाका मागे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात वर, शाळेच्या मैदानात उभे राहायचे तसे.

“येऊ दे,” ते म्हणाले. आवाज तोच, एकतीस वर्षांचा. “येऊ दे. सरळ. थोडी डावीकडे घे. हां. येऊ दे.”

सगळे बघत होते. लांबू जिन्यातून खाली आला, या आवाजावर त्याचं बालपण गेलं होतं. डॉक्टरही टेप विसरले. काकू गाडीतून आधीच उतरून जिन्याखालच्या कपाटातून कव्हरची घडी घेऊन आल्या होत्या. जमतंय. जमलं. आता कव्हर टाकायचं आणि झालं.

“येऊ दे, बरीच जागा आहे. येऊ दे.”

डावीकडचा खांब मागच्या दिव्यापासून हातभर राहिला होता. मग वीतभर.

“येऊ दे, मिरी. थांबलीस का? ये.”

मग चार बोटं. गाडी आतून टीटीटी करत होती. मिरीनं ब्रेक दाबला होता आणि आरशातून ती वडिलांकडे बघत होती, ओठ दातांत. बसकाकांचे हात अजून हलत होते, ये, ये. खांब त्यांच्यापासून तीन पावलांवर होता, दोन माणसांच्या कवेत मावेल एवढा जाड, वर पिवळा-काळा पट्टा.

अध्यक्ष आपल्या बुटांकडे बघायला लागले. मावशींनी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं.

“जागा आहे, पण राहू दे,” मिरी खिडकीतून म्हणाली. “बाबा, मी जरा पुढे घेऊन परत लावते. माझंच वाकडं आलंय.”

तिनं गाडी पुढे घेतली, कोणाच्याही मदतीशिवाय एका झटक्यात सरळ आत आणली, आणि बंद केली. काकूंनी त्याच श्वासात कव्हर फेकलं. ते हवेत फुगलं, अलगद बसलं, नंबरची पाटी गुडूप. जमिनीवर वीतभर लोळण राहिली ती त्यांनी चुण्या घालून आत सारली. सवयीचा हात.

चिटणीस बाई आल्या. चष्मा खाली, पेन हातात.

“गाडी आली म्हणायची.”

“आली,” काकू म्हणाल्या.

“झाकली का लगेच?”

“धूळ फार हो. आणि कबुतरं.” डॉक्टरांकडे न बघता त्यांनी हे म्हटलं.

“नंबर लिहायचाय. जरा वर करा.”

“मी सांगते ना. कशाला वाकताय, गुडघे दुखतात तुमचे.”

“गुडघे दुखतात, डोळे नाही,” चिटणीस बाई म्हणाल्या आणि चुण्यांना हात घालून त्यांनी कव्हर उचललं. पाटी वाचली. पेन कागदावर टेकलं, थांबलं, वर गेलं, सतराच्या ओळीवर उभं राहिलं. त्यांनी पुन्हा पाटी वाचली.

“ही गाडी मी अर्ध्या तासापूर्वी सतरा नंबरात पाहिली.”

लांबूला खोकला आला.

“तशा दिसणाऱ्या पुष्कळ आहेत,” मावशी पर्समधूनच म्हणाल्या.

“दिसणाऱ्या असतील. याच नंबरची एकच असते.”

तेवढ्यात अध्यक्षांची सून, गरीब स्वभावाची मुलगी, फोन पुढे करत आली. सासऱ्यांनी तिला डोळ्यांनी खूण केली, पण ती फोनकडेच बघत होती. “काकू, तुमचं आटोपलं असेल तर... म्हणजे घाई नाही, पण पाच वाजता माझं बुकिंग आहे. थांब्यावर लावून मग मला परत आत आणायचीय. दोन नंबरात.”

लांबू पहिल्यांदा फुटला. मग मिरी. मग डॉक्टरीणबाईसुद्धा पदराआडून. अध्यक्षांनी घसा साफ केला, पण त्यांच्या मिशाही हलत होत्या. चिटणीस बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. एक गाडी आणि तीन जागा, आयुष्यभर वर्गात घातलेल्या गणितात असलं उदाहरण त्यांना मिळालं नव्हतं.

“मग मला एकानं सरळ सांगा,” त्या म्हणाल्या. “सतरात यायचीय, दोनात यायचीय, चारात यायचीय. गाडी खरंच येणार आहे कोणाकडे?”

हसू विरलं. लांबू आईकडे बघेना, आई लांबूकडे बघेना. सुनेनं फोन पाठीमागे घेतला. काकूंच्या तोंडात वाक्य तयार होतं: आमच्या मिरीचं रंगाचं ठरत नाहीये. ते ओठांपर्यंत आलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

बसकाका त्या खांबापाशी गेले होते. त्यांनी मान पुरी डावीकडे वळवली, तेव्हा कुठे तो त्यांना सापडला. त्यांनी त्यावर तळवा ठेवला, गाडीच्या दिव्यापर्यंत तसाच हवेतून आणला, अंतर मोजल्यासारखा, आणि मग त्यांना एकदम हसू आलं, मोकळं, बसमधल्या पोरांच्या एखाद्या वात्रटपणावर यायचं तसं.

“लिहा बाई,” ते म्हणाले. “चार नंबर, गाडी नाही, यायची नाही. माझ्या पोरीला गाडी नकोय, तिला ती कधीच नको होती. आणि मला आता डावीकडचं दिसत नाही.”